रद्दीचा गठ्ठा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरातून सगळ्यात आधी बाहेर पडते ती रद्दी. तशी ती माझ्याही घरातून पडली. २०१३ सालची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झालेली, कडेवर लहान मूल, सकाळची शाळेतली तीन तासांची नोकरी आणि जळगावातलं दोन खोल्यांचं घर. गॅलरीत वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्या कमरेच्या वर गेला होता. रद्दीवाल्यानं दाराशी गाडी लावली, तराजू अडकवला, मी दोनदा काटा नीट बघितला आणि आलेल्या पैशांत स्टीलची एक मोठी चाळणी घेतली. ती चाळणी अजून घरात आहे. पालेभाजी धुवायला काढली की कधी कधी हात थांबतो.

कारण तो गठ्ठा माझा नव्हताच. तो माझ्या ताईचा होता.

ताई सुरतला उधन्यात राहते. आम्ही मूळचे धुळ्याचे. ताईचं लग्न १९९९ साली झालं तेव्हा आईला कुणी विचारलं नाही की, मुलगी परराज्यात का देता? आमच्या खानदेशात सुरत हे परगाव मानतच नाहीत. घरटी एक माणूस तिकडे. पोटापाण्यासाठी माणसं कितीतरी वर्षं तिकडे जात राहिली. १९७२ च्या दुष्काळानं आणखी गेली. पुढे अमळनेर, धुळे, जळगाव इथल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि गिरणीतला माणूस तापीच्या काठाकाठानं सुरतेच्या मागांवर पोचला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतून फिरलं तर कानावर अहिराणी पडते. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठीही आहे. शेजारच्या गल्लीत ओडिशाचे कामगार, पलीकडे आंध्रचे, मध्ये आपले खानदेशी, असा तो सगळा संसार आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा मी ताईकडे राहायला गेले तेव्हा तिनं निघताना हळूच सांगितलं, “येताना काही आणू नकोस. तुमच्याकडचे जुने पेपर तेवढे ठेवत जा. कुणी येणारं असलं की पाठव.”

मला हसूच आलं. सुरतेत मराठी पेपर मिळत नाहीत का? मिळतात, तिथून निघतातसुद्धा. ताई म्हणाली, “मिळतात गं. पण त्यात मुंबई असते, दिल्ली असते. जिजींना तालुक्याचं पान हवं असतं.”

जिजी म्हणजे ताईच्या सासूबाई. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. नवऱ्यामागे सुरतेला आल्या त्या पंचविशीत. चाळीस वर्षांत गुजराती समजायला लागली होती, पण तोंडातून निघे ती अहिराणीच. अक्षर एक ओळखता येत नव्हतं. तरी पेपर हवा! दुपारी जेवणं झाली की त्या पडवीत बसत आणि नातवाला हाक मारत. नातू गुजराती माध्यमात. पण गुजराती लिपी म्हणजे बरीचशी डोक्यावरची रेघ काढून टाकलेली देवनागरी. पाच-सहा अक्षरं वेगळी, तेवढी ताईनं शिकवली, आणि पोरगं अडखळत अडखळत मराठी वाचायला लागलं. कुठल्या शाळेत गेला नाही, कुठलं पुस्तक आणलं नाही. मी शिक्षिका आहे, पण सांगते, असा वाचनाचा तास मी अजून घेऊ शकलेले नाही.

जिजींचा क्रम ठरलेला असे. आधी निधनवार्ता. मग पाऊसपाणी. मग कापसाचा भाव, जरी घरात कापसाचं एक बोंड नव्हतं तरी. मग यात्रा. सखाराम महाराजांची अमळनेरची, सारंगखेड्याची दत्ताची. पहिल्या पानावरच्या मोठमोठ्या मथळ्यांकडे त्या बघतही नसत. “ते लोक आपले नहीत,” म्हणायच्या. पेपर आठ दिवसांचा शिळा आहे की पंधरा, याचंही त्यांना काही नव्हतं. गठ्ठा आला की तारखा लावून क्रमानं वाचायचा, मालिका बघितल्यासारखा.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणाचा विरंगुळा. मलाही तेच वाटे. पण ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि सुरत बुडाली, तेव्हाचं आठवा. मी तेव्हा धुळ्यात कॉलेजात होते. चार दिवस ताईचा फोन लागला नाही. सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलाची सायकल वाजली की वडील अनवाणी फाटकापर्यंत जात. बातमीत अडाजण आहे, रांदेर आहे, उधना आहे का, एवढंच ते बोट फिरवून शोधत. आमच्यासाठी तो पेपर म्हणजे ताईची खुशाली होती. आणि तिकडे त्यानंतर दर पावसाळ्यात जिजी नातवाला पहिलं विचारत, “हतनूरना कितला दरवाजा उघाडात?” भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. तिथून सुटलेलं पाणी प्रकाशाकडून उकाईला आणि उकाईहून सुरतेला जातं. निरक्षर बाईला हा हिशेब पक्का ठाऊक होता. आपल्या गावची नदी आपल्या मागोमाग तिकडे आलेली आहे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता त्या गठ्ठ्याकडे येते.

जिजींना एकच भाऊ. वडिलांच्या जमिनीवरून त्याच्याशी अबोला. भावानं हक्कसोडीचा कागद वकिलाकडून पाठवला होता. जिजी म्हणाल्या, “शेत नको मला. पण सही मागायला तो स्वतः येऊ दे. कागद कसाला धाडस?” भाऊ आला नाही, अंगठा मिळाला नाही, आणि अकरा वर्षं राखी पोस्टानंही गेली नाही. तरी पेपर वाचताना त्या गावाचं नाव आलं की त्या सावरून बसत.

मी २०१३ च्या दिवाळीआधी रद्दी विकली ती जवळजवळ तीन महिन्यांची. मनात म्हटलं, जुन्या पेपरांचं एवढं काय, पुढच्या वेळी देऊ. ताईनं फोनवर विचारलं तेव्हा मी चक्क थाप मारली, “कुणी येणारंच मिळालं नाही गं.”

फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नाला ताई आली आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. स्वयंपाकघरात मला मदत करताना तिनं फळीवरचा डाळीचा डबा उचलला. रद्दी विकण्याआधी त्यातलेच चार कागद मी फळ्यांवर अंथरले होते. डबा हातात तसाच धरून ती खाली वाकली. बराच वेळ वाचत राहिली. मग डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “कात्री दे.”

चार ओळींची बातमी होती. जिजींचा भाऊ भाद्रपदात वारला होता. वय, गाव, अंत्ययात्रेची वेळ, आणि शेवटी नेहमीचं वाक्य: त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं, एक बहीण असा परिवार आहे.

भाच्यांनी आत्याला कळवलंच नव्हतं. आणि सुरतेतल्या गावच्या माणसांचं काय? ज्यांना कळलं त्यांना वाटलं, सख्ख्या बहिणीला आपण काय सांगायचं, तिला सगळ्यात आधी कळलं असेल. असंच होतं ना नेहमी? जवळच्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

तेलाचा डाग पडलेलं ते कात्रण ताईनं पर्समध्ये ठेवलं. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचं मला तिनं नंतर सांगितलं. दुपारी नातवानं वाचलं. जिजी रडल्या नाहीत. उठल्या, आंघोळ केली, पुन्हा येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आखो एकडाव वाच.” त्यानं वाचलं. शेवटच्या ओळीशी त्यांनी त्याला थांबवलं. “एक बहीण” हे दोन शब्द पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, “मन्हं नाव नही. पन मी शे.”

पाच महिने उशीर झाला होता. दहावा गेला, गंधमुक्ती गेली. खानदेशात मयताच्या घरी भेटायला जाण्याला आपण दारावर जाणं म्हणतो. ते दारावर जाणं वेळेवर झालं असतं तर अकरा वर्षांची गाठ कदाचित त्या अंगणातच सुटली असती. मेलेल्या माणसाच्या दारात कुणी कुणाला परत पाठवत नाही. पाच महिन्यांनंतर मात्र कोणत्या तोंडानं जाणार? त्या गेल्या नाहीत.

ही चूक माझी. कुणी मला तसं म्हणत नाही. हे तर म्हणतात, “तू नेमका तोच अंक विकला असतास तर कधीच कळलं नसतं, उलट बरंच झालं.” पुरुषांचं समजावणं असंच असतं! पण तेव्हापासून मी पेपरकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सिंधी आजोबा राहत. १९४७ नंतर सगळं टाकून आलेल्या कुटुंबातले. त्यांच्याकडे टपालानं सिंधी साप्ताहिक येई, उजवीकडून डावीकडे वाचायचं. १९६७ साली सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण आजोबांच्या नातवंडांना ती लिपी येत नव्हती. एकदा मी त्यांना विचारलं, “काका, काय लिहिलंय आज?” तर खूश होऊन अर्धा तास सांगत बसले. त्यांच्या घरात दुसरं कुणी विचारणारं नव्हतं. जिजींना वाचता येत नव्हतं पण वाचणारा नातू होता. आजोबांना वाचता येत होतं पण ऐकणारं कुणी नव्हतं. दोघांपैकी कोण जास्त एकटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग शाळेच्या ग्रंथालयात हाताला लागेल ते वाचत गेले तेव्हा कळलं की हे काही आपल्या सुरतेपुरतं नाही. मुंबईत ‘मुंबई समाचार’ हे गुजराती पत्र १८२२ साली फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थांनी काढलं. मराठीतलं पहिलं पत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, त्यानंतर दहा वर्षांनी, १८३२ साली निघालं. म्हणजे आपल्या मुंबईत बाहेरून आलेल्यांची भाषा आपल्या आधी छापून येत होती, आणि ‘मुंबई समाचार’ दोनशे वर्षं ओलांडून अजून निघतो आहे. उलट बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात, गुजराती मुलखात, दामोदर सावळाराम यंदे यांनी ‘बडोदावत्सल’ आणि ‘सयाजीविजय’ ही मराठी पत्रं चालवली. बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ काढला. पुढे बेळगाव कर्नाटकात राहिलं, पण सकाळी चहाबरोबर मराठी पेपर घराघरांत पडत राहिला. कॅनडातल्या मराठी माणसांनी टोरांटोहून ‘एकता’ नावाचं त्रैमासिक चालवलं. आणि कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल लोकांनी तिकडे काढलेल्या मराठी नियतकालिकाचं नाव तर ‘मायबोली’ आहे. हिब्रू बोलणाऱ्या देशात!

नाव काय, गाव काय, सगळीकडे गोष्ट एकच. परमुलखात गेलेला माणूस नोकरीची जाहिरात, दवाखान्याचा पत्ता, सरकारी नियम हे हळूहळू तिथल्या भाषेतून वाचायला शिकतो. शिकावंच लागतं. पण कोण जन्मलं, कोण वारलं, कुणाच्या मुलीचं जमलं, विहिरीला पाणी आहे का, हे त्याला आपल्याच भाषेत हवं असतं. आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. ताईचा मुलगा मराठी पेपर वाचत वाढला म्हणून त्याचं गुजराती कच्चं राहिलं नाही. तो दहावीला गुजरातीत वर्गात पहिला होता.

एक खंत मात्र सांगायला हवी. ज्या पेपरसाठी जिजी जीव टाकायच्या तो छापला जातो शुद्ध मराठीत. त्यांची भाषा अहिराणी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर होते, आणि त्यांतले बहुतेक अहिराणीवाले. बहिणाबाई आपल्या जळगावच्या, असोद्याच्या. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, पण १९५२ मध्ये त्यांची गाणी छापून आली तेव्हा शेतातली भाषा पुस्तकात जाते हे सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. तरी अजून एखादं पोर वर्गात “मी आठे शे” म्हणालं की माझी लाल पेन्सिल वर होते. जिजींचा नातू वाचताना प्रत्येक ओळीनंतर आजीला अहिराणीत सांगायचा. खरा पेपर तर तोच होता, नाही का? आता मी वर्गात आठवड्यातून एक दिवस बातमी फळ्यावर लिहिते आणि मुलांना सांगते, ही तुमच्या आजीला तिच्या भाषेत सांगून या. सगळ्यात सुंदर वृत्तान्त मागच्या बाकांवरची मुलं आणतात.

आणि मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट. उद्याचा पेपर आला की निधनवार्तेचं सदर जरा नीट वाचा. पुरुष वारला की मुलांची नावं असतात, जावयाचा हुद्दा असतो. बायका मात्र ‘तीन मुली’, ‘दोन सुना’, ‘एक बहीण’. बाई वारली तर सासरचं आडनाव आणि सासरचं गाव. चाळीस वर्षांपूर्वी परमुलखात गेलेल्या तिच्या मैत्रिणीनं ती बातमी वाचली तर ओळखणार कशी? ती तिला माहेरच्या नावानं, माहेरच्या गावानं ओळखत होती. बातमी छापून येते आणि जिला कळायला हवी तिला कळत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात जिजी गेल्या. पहाटे ताईचा फोन आला. रडण्याआधी ती म्हणाली, “तिकडच्या पेपरात द्यायचं. तूच लिही.”

तोवर मोबाइल सगळ्यांच्या हातात आले होते. सुरतेतल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर बातमी तासाभरात फिरली असती, फिरलीही. पण भाचे कुठल्या ग्रुपवर होते कोण जाणे. मी ओट्याशी उभं राहून बातमी लिहिली. जिजींचं नाव, सुरत, उधना. त्यापुढे लिहिलं, “माहेरचं गाव अमुक, तालुका अमळनेर.” पश्चात मुलगा, सून, नातवंडं. आणि शेवटी दोन्ही भाच्यांची नावं, पूर्ण. हे म्हणाले, “ज्यांनी कळवलं नाही त्यांची नावं कशाला?” मी म्हटलं, “जिजींचं नाव राहिलं होतं. यांचं राहू नये.”

गंधमुक्तीच्या दिवशी मी सुरतेला होते. सकाळच्या गाडीनं धाकटा भाचा आला. थोरला नाही आला. धाकट्यानं माहेरची साडी आणली होती, फोटोसमोर ठेवली, आणि खिशातून तालुक्याचं पान काढून ताईच्या मुलाला दाखवलं. घडीवर घडी पडून ते मऊ झालं होतं. “आत्यांनं गाव लिखेल व्हतं म्हनीसन वळखं,” एवढंच म्हणाला आणि खाली बघत बसला. मग ताईच्या मुलानं आत जाऊन जिजींचा पानाचा डबा आणला. चुन्याच्या डबीखाली तेलाचा डाग पडलेलं ते जुनं कात्रण होतं. दोन्ही कागद त्यानं एकत्र ठेवले.

आता ताईकडे गठ्ठा पाठवावा लागत नाही. सकाळी चहा झाला की मी तालुक्याच्या पानाचा फोटो काढून पाठवते. दोन मिनिटांचं काम. तुमची कुणी नणंद, बहीण, मैत्रीण परमुलखात असेल, तिच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर तुम्हीही पाठवून बघा. ती काही उत्तर देणार नाही कदाचित. पण एखाद्या दिवशी फोन करून विचारील, “काल का गं नाही पाठवलंस?”

रद्दी अजूनही मी विकते. संसार आहे, जागा पुरत नाही. फक्त तराजूत टाकण्याआधी तालुक्याचं पान तेवढं बघून घेते. आणि फळीवर अंथरायला आता प्लॅस्टिकचा कागद आणला आहे.